एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे नक्की काय कळलं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाच्या मेंदूचा एमआरआय झाला. वय २३, इंजिनीअरिंग संपवून घरी बसलेला, आणि तीन-चार महिन्यांपासून त्याला शेजारचे लोक भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात असं ऐकू येत होतं. झोप नाही, जेवणावर लक्ष नाही, मोबाईल स्विच ऑफ करून पिठाच्या डब्यात ठेवलेला. संध्याकाळी रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. मावशीने लगेच देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच रात्री जेवताना मामा त्याला म्हणाले, "आता कळलं ना तुला काही झालेलं नाही? रिपोर्ट क्लिअर आहे. बास झालं मग हे सगळं."

तो काहीच बोलला नाही, ताटावरून उठून गेला. मामा वाईट माणूस नाहीत, रात्र रात्र त्याच्याजवळ बसलेत ते, पण त्यांना खरंच वाटलं होतं की मशीनने निकाल दिलाय.

आणि आमच्याच घरात याच्या बरोब्बर उलटं आधी घडून गेलं होतं. आईची मोठी बहीण, म्हणजे माझी मोठी मावशी (त्या भावाची आई नव्हे), वय ५४, आयुष्यभर टापटीप आणि हिशोबी बाई, ती हळूहळू बदलली. कुणाच्या मयतीला जाऊन हसली, दुकानातून पैसे न देता वस्तू उचलून आणल्या, काकांना ताप आला तर ढुंकून बघितलं नाही. सगळे म्हणाले पाळी गेल्यामुळे असेल, मग म्हणाले डिप्रेशन, दीड वर्ष त्याच्या गोळ्या झाल्या, फरक शून्य. शेवटी एका डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला तर मेंदूचा पुढचा भाग वयाच्या मानाने खूपच आकसलेला निघाला.

म्हणजे एकाचा स्कॅन स्वच्छ पण आजार खरा, आणि दुसरीचा आजार मनाचा समजला तर स्कॅनमध्ये मेंदूच झिजलेला. हे बघितल्यावर मी जमेल तेवढं वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते इथे लिहितोय, कारण हा गोंधळ फक्त आमच्या घरातला नाही.

मेंदूचा आजार आणि मनाचा आजार, ही दोन खाती कुणी पाडली?

आपल्याकडे दोन वेगळे डॉक्टर असतात. न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदू आणि नसांचा डॉक्टर, त्याच्याकडे फिट, लकवा, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश. आणि सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, त्याच्याकडे नैराश्य, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमाचा आजार), बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी), ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा). वाटतं की ही रेघ निसर्गानेच आखलीय. पण ती माणसांनी आखलीय आणि ती सरकत आलीय.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळात असे खूप पेशंट असायचे जे आधी मोठमोठ्या बाता मारायचे, मी राजा आहे, माझ्याकडे कोट्यवधी आहेत, मग हळूहळू बोलणं अडखळायचं, अंग लुळं पडायचं आणि मरायचे. हा पक्का वेडेपणा समजला जायचा. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर या दोन संशोधकांनी अशा मेलेल्या पेशंटच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले. पुढे पेनिसिलिन आलं आणि हा आजार इस्पितळांतून जवळजवळ दिसेनासा झाला. फिट येणाऱ्या लोकांनाही एकेकाळी वेड्यांच्या इस्पितळातच ठेवत. आणि ज्याचं नाव आज स्मृतिभ्रंशाला आहे तो अलॉइस अल्झायमर स्वतः सायकियाट्रिस्ट होता, मेंदूच्या विद्युत लहरी कागदावर उमटवणारा हान्स बर्गरही सायकियाट्रिस्टच.

थोडक्यात काय होत आलंय, की ज्या आजाराचं कारण मेंदूत बोट ठेवून दाखवता आलं तो न्यूरोलॉजीच्या खात्यात गेला आणि ज्याचं दाखवता आलं नाही तो मानसोपचाराकडे राहिला. म्हणून "मनाचा आजार" याचा अर्थ "मेंदूत काही घडत नाही" असा घेऊ नका, "घडतंय पण आपल्याला अजून नीट दिसत नाही" असा घ्या. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेत ही दोन्ही खाती पहिल्यापासून एकाच आवारात ठेवलीत, नावातच मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान दोन्ही आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

मशीनला दिसतं काय आणि दिसत नाही काय

समजा एक तंबोरा आहे. त्याचा कितीही भारी कॅमेऱ्याने फोटो काढा. भोपळ्याला तडा गेलाय, तार तुटलीय, घोडी सरकलीय, हे सगळं फोटोत दिसेल. पण षड्ज उतरलाय का, हे फोटोत दिसणार नाही, ते ऐकावंच लागतं. आणि उतरलेला षड्ज काही हवेतली गोष्ट नसते, तार केसभर सैल झाली म्हणूनच तो उतरतो. बिघाड तंबोऱ्यातच आहे, फक्त तो फोटोत पकडता येण्याइतका मोठा नाही.

सीटी आणि एमआरआय हे असे फोटो आहेत. सीटी म्हणजे क्ष-किरणांनी डोक्याचे पातळ काप काढून बघणं. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड नावाच्या इंजिनीअरने ते मशीन बनवलं आणि १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी झाला. त्याआधी जिवंत माणसाचा मेंदू कवटी न उघडता असा बघताच यायचा नाही, म्हणजे ही अख्खी गोष्ट पन्नास-पंचावन्न वर्षांचीच आहे. सीटीचं काम काही मिनिटांत होतं, रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर, मोठी गाठ यांना तो उत्तम. एमआरआयमध्ये मोठं चुंबक असतं, एक्स-रे नाही, वेळ जास्त लागतो, आवाज डोकं उठवणारा, पण बारकावे कितीतरी जास्त दिसतात.

पेट (PET) स्कॅन थोडा वेगळा. त्यात किंचित किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कुठला भाग ती साखर किती खातोय ते बघतात. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्केच असतो पण शरीराची २० टक्के ऊर्जा एकटा खातो, त्यामुळे एखादा भाग मंदावला की साखरेच्या नकाशात तो फिका दिसतो. भाग आकसायच्या आधीसुद्धा हे दिसू शकतं.

आणि मग फंक्शनल एमआरआय, ज्याचे लाल-पिवळे ठिपके पेपरात येतात आणि खाली लिहिलेलं असतं, प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग उजळतो वगैरे. उजळत काही नाही. ते मशीन विचार बघत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल बघतं. म्हणजे कसं, गल्लीत पाण्याचा टँकर दोनदा जास्त आला यावरून आपण ओळखायचं की कुणाच्या तरी घरी कार्य आहे. अंदाज बरोबर असू शकतो, पण लग्न आहे की बारसं की दहावा, ते टँकरवरून कळत नाही. शिवाय टँकर थोडा उशिराच येतो, मेंदूत काम झाल्यावर काही सेकंदांनी रक्ताचा पुरवठा वाढतो. संशोधनासाठी हे मशीन सोन्यासारखं आहे, ऑपरेशनच्या आधी बोलण्याचा भाग नेमका कुठे आहे हे शोधायलाही वापरतात, पण "तुम्हाला डिप्रेशन आहे" असं सांगायला नाही.

ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून लहरी बघणं. तो स्कॅन नाही, पण या गोष्टीत त्याचं काम पुढे येणार आहे.

जिथे एका स्कॅनने सगळं चित्र फिरतं

जॉर्ज गर्श्विन हा अमेरिकेतला फार मोठा संगीतकार. १९३७ मध्ये त्याला डोकं दुखायचं, चक्कर यायची, जळलेल्या रबराचा वास यायचा, वागणं विचित्र झालेलं. मनोविश्लेषण चालू होतं, आणि जूनमध्ये दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा निदानात हिस्टेरियाची, म्हणजे त्रास मनातूनच येतोय अशी शक्यता लिहिली होती. जुलैत तो बेशुद्ध पडला, ऑपरेशन केलं तर मेंदूत मोठी गाठ, ११ जुलैला गेला, वय ३८. तेव्हा सीटी नव्हता. आज कुणाला नसलेले वास येतायत, त्यात डोकं दुखतंय आणि वागणं बदललंय म्हटलं तर पहिल्या आठवड्यात स्कॅन होईल.

याहून कितीतरी साधी आणि आपल्या घरात घडणारी गोष्ट म्हणजे आजोबा बाथरूममध्ये घसरले, डोक्याला टेंगूळ आलं, बर्फ लावला, विसरून गेले. तीन-चार आठवड्यांनी आजोबा सुस्त, बडबड, तारीख-वार कळेना, आणि सगळे म्हणतात वय झालं किंवा आजी गेल्यापासून खचलेत. कवटी आणि मेंदूच्या मध्ये हळूहळू रक्त साचत असतं, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर. साध्या सीटीत दिसतं, आणि ते रक्त काढलं की बरीच माणसं पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागतात. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

भारतात अजून एक आहे, मेंदूतली टेपवर्मची गाठ. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत आणि तिथून भाजीपाल्यावर येतात, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हे होतं. बहुतेकदा फिट येते, पण कधीकधी वागण्यातला बदल, गोंधळ, उदासी हेही सोबत असतं. एमआरआयमध्ये पाण्याचा बारीक फुगा आणि आत एक ठिपका दिसतो, ते त्या जंताचं डोकं. असा ठिपका दिसला की निदानाचा प्रश्न जवळपास सुटला.

माझ्या मोठ्या मावशीचा आजार म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, पुढे मी त्याला एफटीडी म्हणेन. यात स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते, आधी जातं ते तारतम्य, माया, लाज, किंवा काहींमध्ये भाषा. ब्रूस विलिस या नटाला हा आजार असल्याचं त्याच्या घरच्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केलं तेव्हा हे नाव जगभर पेपरात आलं. सुरुवात बऱ्याचदा ४५ ते ६५ या वयात होते, म्हणून कुणाच्या डोक्यात डिमेन्शिया येतच नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात वागणं बदलणाऱ्या एफटीडीच्या जवळपास निम्म्या पेशंटना आधी मानसिक आजाराचं निदान मिळालेलं होतं. हे वाचून मला आमच्या दीड वर्षाबद्दल थोडं कमी अपराधी वाटलं.

पण इथेही मशीन पूर्ण खात्रीचं नाही. सुरुवातीला एमआरआय साफ असू शकतो. पेट केला तर एमआरआयने सोडलेले काही पेशंट सापडतात, पण अॅमस्टरडॅमच्या अभ्यासात दिसलं की ज्यांना खरं म्हणजे मानसिक आजार होता अशाही काही लोकांचा पुढचा भाग पेटमध्ये फिका दिसला, म्हणजे नसलेला एफटीडी दिसायची भीती. म्हणून डॉक्टर एकदा बघून थांबत नाहीत, वर्षभराने परत बघतात, बिघाड पुढे सरकतोय का ते.

मेंदूचाच आजार, तरीही स्कॅन स्वच्छ

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आजाराचा उलगडा केला ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्याच एका प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींना निरोप पोचवणाऱ्या दारांवर हल्ला करते. एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस असं लांबलचक नाव. होतं काय, की विशीतली धडधाकट मुलगी, आठवडाभर ताप-डोकेदुखी, मग अचानक संशय, भास, ओरडणं, न झोपणं, नंतर तोंडाच्या विचित्र हालचाली, फिट, भान हरपणं. आपल्याकडे अशा वेळी काय होतं सांगायची गरज नाही, कुणी करणी म्हणतं, कुणी बाहेरची बाधा, कुणी लग्न मोडल्याचा धक्का, आणि दिवस जात राहतात.

२०१३ मध्ये अशा ५७७ पेशंटची माहिती एकत्र छापली गेली. त्यात ८१ टक्के बायका-मुली, निम्म्या पेशंटचं वय २१ च्या आत. आणि आता नीट वाचा, एमआरआयमध्ये काही दोष दिसला तो फक्त ३३ टक्के लोकांत, ईईजी मात्र ९० टक्के लोकांत बिघडलेला. म्हणजे तीनपैकी दोघांचा एमआरआय नॉर्मल होता आणि तरी तो अस्सल मेंदूचा आजार होता, जो पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून त्यातल्या अँटिबॉडी तपासल्यावर पकडता येतो, आणि उपचार केले तर बहुतेक जण बरे होतात. नुसत्या एमआरआयवर विसंबून "क्लिअर आहे, मानसिकच दिसतंय" म्हटलं असतं तर?

उलट्या बाजूला ते लोक ज्यांना फिट येते, अंग झटके देतं, पण त्या क्षणी ईईजीवर मिरगीच्या लहरी नसतात. याला आता फंक्शनल आजार म्हणतात, पूर्वी हिस्टेरिया म्हणायचे आणि घरचे म्हणतात ढोंग. ढोंग नाही. पेशंटला रोखता येत नाही ते. पक्कं निदान होतं व्हिडिओ-ईईजीने, म्हणजे कॅमेरा आणि लहरी एकाच वेळी रेकॉर्ड करून. आणि पायातली ताकद गेली असेल तर १९०८ साली हूवर नावाच्या डॉक्टरने सांगितलेली एक साधी खूण आजही वापरतात, पेशंटला चांगला पाय वर उचलायला सांगायचं आणि "लुळ्या" पायाच्या टाचेखाली हात ठेवायचा, ती टाच आपोआप खाली जोर देते का बघायचं. दिला तर वायर तुटलेली नाही, वापरात अडथळा आहे. नुसत्या हाताने कळतं हे.

मग स्किझोफ्रेनिया, डिप्रेशन स्कॅनमध्ये दिसतच नाही का?

गट म्हणून बघितलं तर दिसतं, एकट्या माणसात सांगता येत नाही. इथेच बातम्या वाचताना सगळ्यांची गफलत होते.

१९७६ मध्ये लंडनजवळ ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं इस्पितळात असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या १७ पेशंटचे सीटी केले आणि त्यांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या निघाल्या. तेव्हा "आईच्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होतो" असंही काही तज्ज्ञ सांगत होते, त्यामुळे कितीतरी आयांच्या डोक्यावरचं ओझं या कामाने हलकं केलं. नंतर हजारो पेशंटवर ते पुन्हा पुन्हा दिसलंय.

पण सरासरी आणि माणूस यात फरक असतो. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त, हे सगळ्यांना मान्य. आता मी सांगितलं की पडद्यामागे पाच फूट चार इंचाचं माणूस उभं आहे, ओळखा बाई की पुरुष. येईल सांगता? आणि स्किझोफ्रेनियातला मेंदूचा फरक हा उंचीतल्या या फरकापेक्षा खूपच लहान आहे, डिप्रेशनमधला तर त्याहूनही लहान. बहुतेक पेशंटचे आणि बहुतेक निरोगी लोकांचे मेंदू त्या मधल्या सामायिक पट्ट्यातच पडतात. वरून दारू, सिगारेट, वजन, वय, चालू असलेली औषधं, मशीनमध्ये जरा डोकं हललं, या सगळ्याने मापं बदलतात ती वेगळीच.

२०१५ मध्ये निकोलस क्रॉसली आणि सहकाऱ्यांनी नेमका आपला प्रश्न विचारला, न्यूरोलॉजीचे आजार आणि मानसिक आजार हे मेंदूच्या नकाशात वेगळे पडतात का? दीडशेपेक्षा जास्त अभ्यास एकत्र केले. उत्तर आलं, हो, गट म्हणून पडतात. न्यूरोलॉजीच्या आजारांत मेंदूच्या आत खोलवर असलेले, हालचालीशी जोडलेले भाग आणि कानशिलाकडचा भाग जास्त बाधित, मानसिक आजारांत पुढच्या भागाची आतली बाजू आणि तिच्याशी जोडलेला सिंग्युलेट नावाचा पट्टा जास्त. काही लोक तेव्हा म्हणत होते की ही दोन खाती मोडून एकच करा, त्यांना हे एक उत्तर होतं. अभ्यास मोलाचा आहे, पण तो पुन्हा सरासरीचाच आहे, माझ्या भावाचा स्कॅन त्या नकाशावर ठेवून त्याला कुठल्या डॉक्टरकडे पाठवायचं हे त्यातून निघत नाही.

"एआय आहे ना आता, ते ओळखेल"

हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. अशा बातम्या येतात की कॉम्प्युटरने स्कॅन बघून ९० टक्के अचूक डिप्रेशन ओळखलं. खाली बारीक अक्षरात पेशंट किती होते ते बघा, बऱ्याचदा चाळीस-पन्नास. २०२२ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात सुमारे ५० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला, त्याचं म्हणणं असं की मेंदूचा फोटो आणि वागणं यांचा भरवशाचा संबंध काढायला हजारो माणसं लागतात, आणि आजवरच्या अभ्यासांत साधारणपणे पंचवीसेक माणसंच असायची. थोड्या माणसांत योगायोगानेही मोठे आकडे दिसतात, मग दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मशीनवर तोच प्रोग्रॅम चालवला की ते आकडे कोसळतात. त्याआधी २०२० मध्ये ७० टीमना फंक्शनल एमआरआयची एकच माहिती दिली होती, दोन टीमनीसुद्धा तंतोतंत सारखी पद्धत वापरली नाही आणि निष्कर्षही बऱ्याच बाबतीत जुळले नाहीत.

त्यात कॉम्प्युटरला शिकवलेलं असतं एका बाजूला पक्का पेशंट, दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणूस, निवडा. डॉक्टरपुढे ठणठणीत माणूस येतो कशाला? त्याच्यापुढचा प्रश्न असतो की हे बायपोलर आहे, एफटीडी आहे, थायरॉईड आहे की दारू सुटल्याचं आहे. पुढे जाऊन होईलही सगळं, मला आशा आहे आणि संशोधकांनी ते करत राहावं. पण आज जर कुणी खासगी सेंटर "मेंदूचा रंगीत स्कॅन करून डिप्रेशन, एडीएचडी ओळखतो" म्हणून पैसे घेत असेल तर द्यायचे नाहीत. अमेरिकेत असे क्लिनिक वर्षानुवर्षं चालतात आणि तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या तज्ज्ञगटाने स्पष्ट सांगितलंय की मानसिक आजाराच्या निदानासाठी स्कॅन अजून कामाचा नाही.

मशीनवर किती भरवसा ठेवायचा याचा एक धडा आपल्या पुण्यातलाच आहे. २००८ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला, म्हणजे लहरींवरून त्या व्यक्तीला गुन्ह्याचा "अनुभव" आहे हे कळतं असं मानून. जगभरातल्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. ५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा चाचण्या कुणावर जबरदस्तीने करता येणार नाहीत. पाठीमागे भावना तीच, की मशीन बोललं म्हणजे खरं, माणूस बोलला तर खोटं असू शकतं.

"मग स्कॅन करायचाच कशाला? किंवा मग सगळ्यांचाच करून टाका"

दोन्ही टोकं चूक आहेत. पहिल्यांदाच भास-भ्रम सुरू झालेल्या लोकांच्या एमआरआयचे १२ अभ्यास २०२३ मध्ये एकत्र केले गेले, १६१३ पेशंट. सुमारे ६ टक्के लोकांत निदान किंवा उपचार बदलावे लागतील असं काही ना काही निघालं, म्हणजे १८ जणांचे स्कॅन केले तर एकात. तो एक आपल्या घरातला असला तर? म्हणून माझ्या भावाचा स्कॅन केला तो योग्यच होता. तो त्याचा आजार दाखवण्यासाठी नव्हता, गाठ, सूज, जुनी जखम नाही ना एवढं बघण्यासाठी होता, आणि ते काम त्याने चोख केलं.

पण नुसती काळजी वाटते म्हणून सगळ्यांचा करायचा तर दुसरीच पंचाईत. नेदरलँड्समध्ये रोटरडॅमला २००० माणसांचे, म्हणजे पंचेचाळिशीच्या पुढच्या साध्या नागरिकांचे एमआरआय केले तेव्हा १०० पैकी ७ जणांत न कळलेल्या स्ट्रोकच्या जुन्या खुणा, जवळपास २ जणांत धमनीला फुगवटा आणि दीडेक टक्क्यात साधी गाठ सापडली. कुणाला काही त्रास नव्हता. आता तुम्ही उदासीसाठी स्कॅन केलात आणि असं काही सापडलं की घर उदासी विसरून त्या ठिपक्याच्या मागे लागतं.

मग स्कॅनसाठी कधी आग्रह धरायचा, तर मला डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. मानसिक लक्षणं आयुष्यात पहिल्यांदा चाळिशी-पन्नाशीनंतर आली. सगळं दिवसांत-आठवड्यांत झपाट्याने बदललं. सोबत ताप, फिट, नवी डोकेदुखी, चालण्यात फरक, लघवीवरचा ताबा गेला. माणूस सकाळी बरा आणि संध्याकाळी भानावर नाही. आवाज ऐकू येण्यापेक्षा माणसं, प्राणी डोळ्यांना दिसतायत. यातलं काही असेल तर विचारा. आणि म्हाताऱ्या माणसाने अचानक बडबड सुरू केली तर स्कॅनच्या आधी किंवा सोबत रक्तातलं सोडियम, साखर, थायरॉईड, बी-१२ आणि लघवीचं इन्फेक्शन बघायला लावा, कितीदा तरी चोर तिथेच सापडतो.

अजून एक, चिठ्ठीवर फक्त "एमआरआय ब्रेन" लिहून घेऊन जाऊ नका, डॉक्टरांना विचारून कशासाठी करतोय हे लिहून घ्या. रिपोर्ट वाचणारे रेडिओलॉजिस्ट तुम्हाला ओळखत नसतात, "वागणं बदललंय, एफटीडी आहे का" असं लिहिलेलं असेल तर ते पुढचा भाग वेगळ्या नजरेने बघतात. आणि घरी झटका आला, विचित्र हालचाल झाली तर घाबरत का होईना मोबाईलवर शूट करून ठेवा, डॉक्टरांसाठी तो एक मिनिटाचा व्हिडिओ फार मोलाचा असतो.

"रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे खोटंच ना?"

मामांचाच प्रश्न. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही, पण कपाळ धरून अंधारात पडलेल्या माणसाला कुणी खोटा म्हणत नाही. आम्ही मामांना पुढच्या वेळी सायकियाट्रिस्टकडे सोबत नेलं. डॉक्टरांनी भावाला बाहेर बसवून आधी मामांना तासभर विचारलं, कधी सुरू झालं, आधी कसा होता, घरात कुणाला होतं का, झोप कशी, काही नशा वगैरे, मग भावाशी एकट्याशी बोलले, हातपाय-डोळे तपासले, रक्ताचे रिपोर्ट बघितले आणि एमआरआयची फिल्म शेवटी दोन मिनिटं दिव्यावर धरली. परत येताना मामा गाडीत म्हणाले, "अरे, त्यांनी फोटोपेक्षा जास्त वेळ आपलं ऐकण्यातच घालवला." मी त्यांना तंबोऱ्याचं सांगितलं. ते स्वतः भजनात पेटी वाजवतात, पट्टी उतरलेली लगेच ओळखतात, गप्प बसून ऐकत होते.

निदान स्किझोफ्रेनियाचं झालं, गोळ्या लवकर सुरू झाल्या. आवाज पूर्ण गेलेले नाहीत पण कमी झालेत, तो सकाळी एका दुकानात अकाउंट्स बघतो. मोठी मावशी मात्र आता आम्हाला ओळखत नाही, एफटीडीला थांबवणारं औषध अजून नाही, पण निदान झाल्यापासून काका तिच्यावर चिडायचे बंद झाले आणि तिला भरवायला स्वतः बसतात. गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला होता, भावाच्या गोळ्या गुरुवारी संपतायत, येताना मी घेऊन येतो, नाव नीट मेसेज कर.